वॉटर पार्कची नोकरी

जत्रेतला पाळणा तुम्ही पाहिला आहे. तो फिरवणाऱ्या माणसाकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. सगळ्यांचे डोळे वर, आपापल्या पोराकडे. हाच पाळणा आता जत्रेपुरता राहिलेला नाही. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडले, ते २०२२ साली बंद झाले. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झाले. शिवाय मोठ्या रस्त्यांच्या कडेला ठिकठिकाणी वॉटर पार्क उभे राहिले आहेत. शहरातली कुटुंबे तिकीट काढून दिवसभर तिथे रमतात, आणि कामाला असतात ती बरीचशी आसपासच्या खेड्यांतली मुले-मुली. तुमच्या घरात कोणी बारावी होऊन बसला असेल, तर उन्हाळ्यात तिकडे जाण्याची गोष्ट निघालीच असेल. म्हणून ही नोकरी कशी असते ते सांगतो.

पहिली गोष्ट, तिथे आपल्यालाही मौज मिळेल हा समज मुलाच्या डोक्यातून काढून टाका. लोकांची सुट्टी तो याचा कामाचा दिवस. रविवार, दिवाळी, मे महिना या दिवसांत रजा मागायची सोय नाही. घरात लग्न निघाले तरी साहेबाचे तोंड वाकडे होते. आठवड्याची सुट्टी मिळते ती मंगळवारी नाहीतर बुधवारी, गर्दी नसते तेव्हा.

फाटक उघडण्याच्या कितीतरी आधी काम सुरू होते. प्रत्येक पाळणा आधी रिकामा फिरवून पाहायचा. पट्टे, कड्या, कुलपे हाताने ओढून बघायची. लोक बसले की एकाने प्रत्येकाचा पट्टा तपासायचा आणि दुसऱ्याने बटणापाशी उभे राहायचे. पहिल्याने हाताने खूण केल्याशिवाय दुसऱ्याने बटण दाबायचे नाही, रांगेतले लोक कितीही ओरडोत. दिवसातून शंभर वेळा तेच. शंभराव्या वेळी हात नुसता लावल्यासारखा करून पुढे जायचा मोह होतो. धोका तिथेच असतो.

पण माझ्या मते सगळ्यात अवघड काम पट्टा तपासण्याचे नाही, उंचीच्या पट्टीपाशी उभे राहण्याचे आहे. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, कुठे १२० सेंटिमीटर, कुठे १४०. मांडीवरचा दांडा मोठ्या अंगाच्या मापाने केलेला असतो. लहान मूल त्यातून निसटू शकते. तरी वडील म्हणतात, ‘दोन बोटे तर कमी आहे, सोड की!’ पैसे भरलेला माणूस चिडतो, पोर रडते, आणि आपला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा हसतमुखाने ‘नाही साहेब’ म्हणत उभा असतो. गावात वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालायला शिकलेल्या मुलाला हे जड जाते. ज्याला ते जमते, तो पुढे कुठेही कमी पडत नाही.

पाण्याकडची गोष्ट आणखी वेगळी. लाटांच्या तलावाकाठी उंच खुर्चीवर जीवरक्षक बसतो. मचाणावरून ज्वारी राखतो ना आपण, तसाच. फरक एवढाच की पाखरे उतरली तर कलकलाट होतो, बुडणारे मूल आवाज करत नाही. तोंडात पाणी, ओरडणार कसे? गुडघाभर पाण्यात, आईपासून चार हातांवर असताना हे घडू शकते. म्हणून जीवरक्षकांना शिकवतात ते असे: दहा सेकंदांत ओळखायचे, पुढच्या वीस सेकंदांत पोचायचे. डोळे शिणतात, म्हणून चांगल्या ठिकाणी थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलतात. मोबाइल खिशात नको, हा नियम त्यासाठीच.

या शिकवणीतली एक गोष्ट गावातही कामाची आहे. विहिरीतून काढलेल्या माणसाचे पोट दाबायचे किंवा त्याला उलटे टांगायचे, हा आपल्याकडचा रिवाज चुकीचा आहे. श्वास बंद असेल तर वेळ न घालवता तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, तीस दाब, मग दोन श्वास, असे मदत येईपर्यंत. मुलगा हे शिकून आला तर घरातल्या चौघांना करून दाखवायला सांगा.

पाणी राखणाऱ्याचेही काम बघण्यासारखे असते. मातीच्या परीक्षणात सामू असतो तसा इथे पाण्याचा सामू मोजतात; तो साधारण ७.२ ते ७.८ मध्ये राखायचा. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते, तसेच इथेही क्लोरीन असते, पण उन्हाने ते उडून जाते, म्हणून दिवसभर मोजून भर घालावी लागते. डोळे चुरचुरणारा उग्र वास आला की लोकांना वाटते पाणी फार शुद्ध. प्रत्यक्षात क्लोरीन घाम-लघवीत मिसळले की तो वास येतो! अंगावर सुती कपडे चालत नाहीत, कारण धागे गाळणीत अडकतात आणि ओली साडी पायात गुंतते. हे आलेल्या आजीबाईंना गोडीत पटवायचे काम कपड्यांच्या खिडकीवरच्या मुलीकडे असते. पाण्यात राबणाऱ्यांच्या पायांना भातलावणीसारख्याच चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, एवढे आईने बजावून पाठवावे.

आता पैशाचे. बऱ्याच ठिकाणी भरती ठेकेदारामार्फत होते. नेमणुकीचा कागद कोणाच्या नावाचा आहे ते आधी पाहा. भविष्यनिर्वाह निधी कापत असतील तर त्याचा क्रमांक मागून घ्या. कापलेले पैसे खात्यावर पडतात की नाही, हे त्या क्रमांकावरून मोबाइलवर कळते. मुलगी जाणार असेल तर रात्री सुटल्यावर गाडी गावापर्यंत येते की फाट्यावर सोडते, हे स्वतः जाऊन विचारा. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा अशी सगळी ठिकाणे कितीतरी महिने बंद होती. एकट्या या नोकरीच्या भरवशावर कर्ज काढू नये. आयटीआयचा फिटर किंवा वायरमन असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात गर्दी ओसरते तेव्हा यंत्रे खोलून वंगण घालायला माणूस लागतोच.

आणि पेरणीचे मार्चमध्येच, कामाला लागतानाच बोलून घ्या. मृग निघतो ७ जूनच्या सुमारास, शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. मधला आठवडा तिकडे शेवटच्या गर्दीचा आणि इकडे तिफण जुंपायचा. त्या आठ दिवसांची रजा ऐन वेळी मागितली तर मिळत नाही, आणि न सांगता निघून आला तर मागचा पगार अडकतो.