माळ्याची जमीन कुरकुरते कां ?

कडीपाटाच्या माळ्यावर धान्याचीं पोतीं ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. जुने पाट कुजले म्हणजे त्यांच्या जागीं आतां पुष्कळ ठिकाणीं प्लायवुडचे तक्ते बसवितात. परंतु वर्ष-दोन वर्षांत जमीन कुरकुरूं लागते, खिळ्यांचीं डोकीं वर येतात आणि पोतीं फाटून दाणे सांडतात. यांत दोष तक्त्याचा क्वचितच असतो.

लांकूड सुकतांना आखडतें. ओल्या कडींत ठोकलेला खिळा जागचा हलत नाहीं, पण उन्हाळ्यांत कडीचा माथा आखडून खालीं जातो. तक्ता व कडी यांमध्यें फट पडते, आणि पाय पडला कीं तक्ता खिळ्याच्या अंगावर खालींवर घासतो. हीच ती कुरकुर. म्हणून कड्या पुऱ्या सुकल्यावांचून तक्ते मारूं नयेत. सुतार घाई करील. धन्यानें करूं नये.

तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद येतो. कड्यांचे मध्य १६ इंचांवर ठेवल्यास त्याचीं टोकें बरोबर कडीवर येतात. लांबी कड्यांना आडवी घालावी. लगतच्या ओळींतील टोकांचे सांधे एका रेषेंत नसावेत. लांब बाजूच्या सांध्याखालीं ठोकळे द्यावेत. तक्त्यांमध्यें अष्टमांश इंच फट ठेवावी, कारण पावसाळ्यांत ते फुगतात.

साध्या खिळ्यापेक्षां स्क्रू चांगला. पाऊण इंची तक्त्यास अडीच इंचांचा स्क्रू घ्यावा, व डोक्याखालींल भाग बिनआंट्याचा पाहावा. आंटे तक्त्यांतही धरले तर तक्ता कडीवर आवळून बसत नाहीं. कडेला ६ इंचांवर व मधल्या कड्यांवर १२ इंचांवर स्क्रू मारावे. ऐनासारख्या कठीण लांकडास आधीं गिरमिटानें छिद्र पाडावें. स्क्रू पिळतांना तक्त्यावर उभें राहावें. कडीच्या माथ्यावरील धूळ झाडून पाण्यास टिकणाऱ्या गोंदाची एक रेघ ओढल्यास फारच उत्तम. मात्र तो वाळण्यापूर्वीं तक्ता बसला पाहिजे. जुना सरस दमट हवेंत सुटतो.

जमीन आधींच कुरकुरत असेल तर एकानें वर चालावें व दुसऱ्यानें खालून पाहावें. कडी चुकवून शेजारून उतरलेला स्क्रू दिसेल, तो काढून टाकावा व कडीच्या मध्यावर नवा मारावा.