पान उघडत नाही, अक्षरे दिसत नाहीत : दोष कोठे शोधावा?

सकाळी कांद्याची गाडी भरण्यापूर्वी राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर 'दौंड-केडगाव' ही ओळ पाहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना लागली आहे. सातबारा, पीक विमा व अनुदानाचे अर्ज ही कामेही आता याच वाटेने होतात. अशा वेळी पान रखडले की "साइट बंद आहे" असे म्हणून आपण मोबाईल खिशात घालतो. पुष्कळदा दोष आपल्याच मोबाईलमध्ये असतो व तो पाच मिनिटांत दूर होण्यासारखा असतो.

ठिबकच्या शेवटच्या तोटीतून पाणी येईना म्हणून आपण लगेच मोटर बदलत नाही. गाळणी, मुख्य नळी, लॅटरल असे एकेक तपासत जातो. येथेही तसेच करावे. प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही रखडले तर दोष जोडणीचा समजावा. ते झटकन उघडले, तर अडलेले पान शेजाऱ्याच्या मोबाईलवर, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमकार्डावर, उघडून पाहावे. तेथे उघडल्यास दोष आपल्याकडे. तेथेही न उघडल्यास तो पलीकडच्या सर्व्हरचा असण्याची शक्यता जास्त. सर्व्हरवर गर्दी असेल तर पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करण्यावाचून इलाज नाही. पीक विम्याची मुदत २०२३ च्या खरिपात ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत आणि २०२४ मध्ये १५ जुलैवरून ३१ जुलैपर्यंत वाढली होती. पण दरवर्षी ती वाढेलच या भरवशावर राहू नये.

गती किती मिळते?

दिवसाचा डेटा संपला की अनेक प्रीपेड योजनांमध्ये जोडणी तुटत नाही, फक्त तिची गती सेकंदाला ६४ किलोबिटवर येते. वर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, त्यामुळे फसगत होते. हिशेब सोपा आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो. चित्रांसह २ मेगाबाइटचे पान म्हणजे सुमारे १६,००० किलोबिट. ६४ च्या गतीने त्याला २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तेवढ्यात अनेकदा पानच मुदत संपल्याचे सांगून परत जाते. म्हणून आधी शिल्लक डेटा पाहावा. घरातील मुलांनी रात्री चित्रपट पाहिला असेल तर सकाळी सातबाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही!

कालचा भाव आज

पुन्हा पुन्हा उतरवावी लागू नयेत म्हणून ब्राउझर काही पाने व चित्रे मोबाईलमध्येच साठवून ठेवतो. याने वेळ वाचतो, पण कधी कधी जुनेच पान पुढे येते. कांद्याचा दर पाहताना आवक व सर्वसाधारण दर यांच्याआधी तारीख वाचावी. तारीख जुनी दिसल्यास पान ताजे करावे. संगणकावर 'कंट्रोल' कळ धरून 'एफ-५' दाबावी. तरीही फरक न पडल्यास तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडावे. तेथे ते नीट आले तर साठवलेल्या फायली पुसाव्यात. मात्र पुसताना फक्त चित्रे व फायली निवडाव्यात. कुकीज पुसल्यास लॉगिन जाते आणि अर्धवट भरलेला अर्जही जाऊ शकतो.

अक्षरांऐवजी चौकटी

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. ते काम १९२४ मध्ये पूर्ण झाले. पेटीत ज्या अक्षराचा खिळा नाही ते छापता येत नसे. संगणकाचेही तसेच आहे. चौकटी दिसल्या तर देवनागरीचा फाँट नाही असे समजावे व तो बसवून घ्यावा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर बहुधा मजकूर युनिकोडपूर्व जुन्या फाँटात टाइप केलेला असतो. तो त्याच फाँटाने वाचता येतो किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. उताऱ्याचे रकाने कापले गेल्यास मोबाईलवर 'डेस्कटॉप साइट'ची खूण करावी.

सेवा केंद्रातील जुन्या संगणकावर आणखी एक अडचण येते. आतील नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो, कारण संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तारखेवरून तपासले जाते. तारीख दुरुस्त करून सेल बदलावा. तारीख बरोबर असूनही इशारा आल्यास आधार किंवा बँकेची माहिती भरू नये. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

पैसे भरताना चक्र फिरत राहिल्यास बटण दुसऱ्यांदा दाबू नये. बँकेचा संदेश आला आहे का ते पाहावे, व्यवहार क्रमांक वहीत टिपावा आणि पुन्हा लॉगिन करून अर्जाची स्थिती तपासावी. तेथे भरणा झाल्याची नोंद नसेल व खात्यातून रक्कमही गेली नसेल, तरच नव्याने पैसे भरावेत.