कासवर राखण पायांची

सप्टेंबरात कास पठारावर सतत शिट्ट्या वाजत असतात. धुकं उतरलेलं असलं की शिट्टी मारणारा दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि पाठोपाठ हाक: "ताई, पाय मागं घ्या, खाली फुलं हायत." ताई दचकून खाली बघतात. फुलं असतातच, पण बोटाच्या पेराएवढी. फोटोत जी जांभळी चादर दिसते, तिच्यावर आपण उभे आहोत हे उभ्या माणसाच्या लक्षातच येत नाही. ते लक्षात आणून देणं हेच इथल्या माणसांचं हंगामभराचं काम. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांतले तरुण आणि बायका संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांच्या वतीनं ते करतात. तिकीट तपासणं, वाहनतळावर गाड्या लावून घेणं, कचरा उचलणं, फुलांची नावं सांगणं हे सगळं त्यात आलं. पण मुख्य राखण पायांची.

ती इतकी कडक का, हे पठाराच्या पायाशी जाऊन बघावं लागतं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर आलं की सुमारे १,२०० मीटर उंचीवर हा सपाट जांभा पसरलेला आहे. खडकावर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे नाहीच. पावसाळ्यात पाणी मुरायला जागा नसते, ते खळग्यांतून साचून राहतं. उन्हाळ्यात तोच कातळ तापून निघतो. मोठ्या झाडाला मुळं रोवता येत नाहीत. सतत धुऊन निघालेल्या मातीत नत्रही फारसं उरत नाही. म्हणून इथल्या काही वनस्पतींनी पोटाची सोय वेगळी केली. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब किडे धरून ठेवतात. सीतेची आसवं ही नाजूक जांभळी फुलं वर वाऱ्यावर हलत असतात आणि खाली ओल्या मातीत त्यांच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले जीव आत ओढून घेत असतात. इतकी गरीब जमीन, आणि तिच्यावर फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून स्वीकारली, त्यात कास आहे. सांगली-साताऱ्याच्या वेशीवरचं चांदोलीही आहे.

इथली गेंद, सीतेची आसवं, तेरडा ही मंडळी बहुतेक एका पावसाची. जूनमध्ये उगवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. फूल बी धरायच्या आधी चिरडलं गेलं, तर पुढच्या वर्षी त्या जागेसाठी त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं. शंभर पाय एकाच रेषेत गेले की मातीचा तो बोटभर थर दाबला जातो, पुढचा पाऊस तो घेऊन जातो आणि खाली उघडा जांभा उरतो. फोटोसाठी दोन पावलं आत गेलेल्या माणसाला ही साखळी दिसत नाही. शिट्टीवाल्याला दिसते, कारण मागच्या वर्षीची फुललेली जागा त्याला पाठ असते.

सगळ्यात अवघड राखण टोपली कारवीची. पालथ्या टोपलीसारखी गोल, बुटकी झुडपं. दर सात वर्षांनी एकदाच सगळी मिळून जांभळी होतात. त्या वर्षी लोक आपणहून जपून चालतात. पण उरलेली सहा वर्षं ती नुसती हिरवी झुडपं असतात, आणि हिरव्या झुडपावर पाय दिला म्हणून कुणी ओरडावं हे पाहुण्यांना पटत नाही. मला वाटतं, माणसाची खरी निष्ठा या सहा वर्षांत कळते.

रंगाची मात्र खात्री कुणीच देत नाही. लोक तारीख ठरवून, ऑनलाइन नोंदणी करून येतात (दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातलेली आहे) आणि विचारतात, फुलं कुठे आहेत? सलग पाऊस लागला तर बहर दबतो. चार-पाच दिवस ऊन-पावसाचा खेळ जमला की पांढरा-जांभळा पट्टा उमलतो. महिना सरता सरता कवला आणि सोनकी पिवळा रंग घेऊन येतात. कवल्याच्या फुलाला मुलांसाठी 'मिकी माउस' म्हणून दाखवतात, आणि मुलं लगेच गुडघ्यावर बसतात. कास बघायची खरी उंची तीच. उभ्यानं बघणाऱ्याला इथलं निम्मंसुद्धा दिसत नाही. गर्दी टाळायची असेल तर महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गानं कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जावं. पाण्यावर झालरीच्या पांढऱ्या पाकळ्या तरंगत असतात.

कासशी ताडून बघायचं तर जपानमध्ये हिताचिनाका इथे समुद्रकाठी मोठी पुष्पबाग आहे. तिची जमीन १९७३ पर्यंत अमेरिकी लष्कराच्या ताब्यातलं बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान होतं. आज तिथल्या टेकडीवर वसंतात नेमोफिलाची ५० लाखांवर निळी रोपं फुलतात. हिवाळ्याच्या तोंडावर माळी ती पेरतात, निंदणी करतात, बहर संपला की काढून पुढची लावणी करतात. मोठं, कौतुकाचं काम आहे. पण तिथे एक वाफा तुडवला गेला तर पुढच्या वर्षी तो पुन्हा पेरता येतो. कासला पेरणारं कुणी नाही. साताऱ्याचा वायतुरा, दोन फांद्यांचा तुरा काढणारी इथली पाणवनस्पती, कुठल्या रोपवाटिकेतून आणून खळग्यात लावायची?

मग राखायचं कसं, यावर वाद झाले. पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. पण त्यानं माणसांबरोबर गुरं आणि रानातली जनावरंही अडली. चराई थांबली तेव्हा उंच गवत माजलं, बुटक्या फुलांचं ऊन अडलं आणि बहर कमी झाल्याची तक्रार सुरू झाली. पुढे कुंपण काढलं गेलं. ते काढणं मला योग्य वाटतं. ही जागा गुराख्यांच्या वावरासह घडलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या चरणाऱ्या म्हशीला शत्रू ठरवून ही जागा वाचवता येणार नाही. अर्थात कुंपण गेल्यावर सगळा भार आला तो शिट्टीवर आणि ती वाजवणाऱ्याच्या घशावर.

या डोंगरातल्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईत माथाडी कामाला गेली. शेती पावसावरची, हंगामानंतर हाताला काम नाही. प्रवेशशुल्काच्या पैशातून गावातल्या पोरांना दोन-अडीच महिने घरी राहून मजुरी मिळते, म्हणून पठार टिकवण्यात गावाचा जीव अडकलेला आहे. माझ्या मते ही सगळ्यात भक्कम तटबंदी. नोव्हेंबरात गाड्या थांबतात, गवत पिवळं पडतं, आणि तेव्हा वणव्याची भीती सुरू होते. मग जाळरेषा काढायच्या असतात: गवताचा पट्टा ठरवून जाळून मोकळा करायचा, म्हणजे पलीकडून आलेली आग तिथे अडते. हे काम पाहायला कुणी पर्यटक येत नाही. वारा पडला की सुरू करतात, आणि पट्टा पूर्ण विझेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.