बरणीचे बूच: लाकूड कोणते निवडावे?

गोव्यातील एका परिचित कुटुंबाने आईवडिलांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवासाठी काजूफेणीची एक मोठी काचेची बरणी सात वर्षे राखून ठेवली होती. जुने घर पाडताना निघालेल्या सागवानी चौकटीतून थोरल्या मुलाने तिचे बूच हौसेने कातून घेतले होते. उपकारस्तुतीच्या मिस्सानंतर बरणी उघडली, तेव्हा पाण्यासारखी निर्मळ फेणी पिवळसर झालेली दिसली आणि तिला तेलकट लाकडाचा दर्प येत होता. वृद्ध वडील हसून म्हणाले, "आपल्या घराचाच वास आहे हा." मुलाचा चेहरा मात्र उतरला. नंतर त्याने मला विचारले, "फादर, सागवानाइतके टिकाऊ लाकूड दुसरे कोणते? मग चुकले कुठे?" या प्रश्नाचे उत्तर इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

खरे तर सागवानाचा टिकाऊपणाच येथे नडला. ज्या तेलांमुळे आणि कडवट द्रव्यांमुळे वाळवी सागवानाला सहसा तोंड लावत नाही, तीच द्रव्ये मद्यार्कात विरघळतात. बूच फेणीत बुडालेले नसले तरी वाफ त्याच्यापर्यंत पोहोचते. रात्रीच्या गारव्यात तिचे थेंब बुचाच्या तळाशी जमतात आणि लाकडाचा अर्क घेऊन पुन्हा खाली पडतात. व्हिस्की ओकच्या पिंपात मुरते तेव्हा लाकडाने चव द्यावी अशीच अपेक्षा असते. काचेच्या बरणीत ठेवलेल्या फेणीचा लाकडाशी संबंध येतो तो केवळ बुचापुरता. म्हणून बुचाने दोनच गोष्टी कराव्यात: तोंड घट्ट मिटावे आणि आपल्याकडचे काहीही देऊ नये.

टाळावीत अशी लाकडे

फणसाचे लाकूड पिवळा रंग सोडते; आग्नेय आशियातील बौद्ध भिक्षूंची वस्त्रे पूर्वापार याच लाकडाच्या अर्काने रंगवली जात. कडुनिंब कडवटपणा देतो, बाभूळ तुरटपणा. शिसवातील काही द्रव्ये त्वचेलाही बाधतात. पाइन आणि देवदार यांत राळ असते. आंब्याचे लाकूड दमट हवेत बुरशी व कीड लवकर धरते. प्लायवूडमध्ये गोंद असतो, आणि मालाच्या खोक्यांच्या फळ्यांवर कीटकनाशकाची प्रक्रिया झालेली असू शकते. ही दोन्ही तर अन्नपेयांच्या जवळही आणू नयेत. पॉलिश किंवा व्हार्निश लावलेल्या लाकडाबाबतही हेच समजावे.

लाकूड आणि त्याच्या वाहिन्या

खोडात मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. बूच खोडाच्या लांबीच्या दिशेने कातले, तर याच वाहिन्या बरणीच्या आतून बाहेर जाणाऱ्या नळ्या ठरतात. अमेरिकेतील लाल ओकच्या तुकड्याचे एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकातून फुंकले, तर बुडबुडे येतात! पांढऱ्या ओकच्या वाहिन्या मात्र आतून नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात, म्हणून पिंपे त्याची करतात. आपल्याकडील लाकडाची परीक्षाही अशीच करता येते. दुसरी परीक्षा अशी: त्या लाकडाचा थोडा कीस बाटलीत फेणीत घालून दोन आठवडे ठेवावा. रंग बदलला किंवा वास आला, तर ते लाकूड बुचासाठी बाद समजावे. चव घेऊन पाहण्याच्या फंदात पडू नये.

उत्तम पर्याय: कॉर्क

शतकानुशतके सिद्ध झालेला पर्याय म्हणजे कॉर्क. हे लाकूड नव्हे, तर भूमध्य समुद्राच्या परिसरातील एका ओकवृक्षाची साल होय. जगातील सुमारे निम्मे कॉर्क पोर्तुगालमध्ये होते. झाड न तोडता केवळ साल काढतात. पहिली साधारण 25 वर्षांनी आणि नंतर दर 9 वर्षांनी. बुचासाठी योग्य साल तिसऱ्या खेपेस मिळते, म्हणजे वृक्षाने चाळिशी ओलांडल्यावर. रॉबर्ट हूक यांनी 1665 साली सूक्ष्मदर्शकातून कॉर्कमधील बंद कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटले. मठवासीयांच्या लहानशा खोलीलाही हाच शब्द आहे. या हवाबंद कप्प्यांमुळे कॉर्क दाबले असता आकसते आणि पुन्हा फुगून तोंड मिटवते. साध्या लाकडात हा गुण नाही.

घरच्या लाकडाची हौस असेल, तर त्याची केवळ मूठ करावी. मुठीच्या खालच्या बाजूस खाच पाडून तीत कॉर्क घट्ट बसवावे आणि बरणीच्या कंठात फक्त कॉर्कच जाऊ द्यावे.

जपणूक

तीव्र मद्यार्काने कॉर्क झिजते, म्हणून बरणी उभीच ठेवावी, आणि चुरा पडू लागताच बूच बदलावे. बूच ब्लीचिंग पावडरने कधीही धुऊ नये. क्लोरीन आणि बुरशी यांच्या संयोगातून असा कुबट वास निर्माण होतो, की लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम द्रव्यही नाकाला जाणवते. बरणी काठोकाठ भरू नये. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो. आंबत असलेल्या रसाला घट्ट बूच लावल्यास वायूच्या दाबाने बरणी फुटू शकते. फेणीची वाफ आपल्याकडील उन्हाळ्यात ठिणगीनेही पेट घेते, म्हणून चूल आणि मेणबत्ती दूर असावी.

येथे कायद्याचेही स्मरण ठेवले पाहिजे. गोव्यात फेणी परवान्याने गाळली जाते आणि 2009 साली काजूफेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना दारू गाळणे हा गुन्हा आहे. आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबे व्यसनाने उद्ध्वस्त झाली, हेही आपण जाणतो. सात वर्षे न उघडता राहिलेली बरणी त्या कुटुंबाच्या संयमाचीही साक्ष होती.

नवा द्राक्षारस कोणत्या बुधल्यात घालावा, हे प्रभू येशूने सांगितले, तेव्हा पात्राचे महत्त्व त्याच्या श्रोत्यांना ठाऊकच होते. त्या मुलाने पुढे त्याच सागवानी तुकड्याची मूठ करून तिच्याखाली कॉर्क बसवले आणि नवी बरणी भरून ठेवली. घराची आठवण आता मुठीत आहे, फेणीत नाही.