हॅकिंतोश : सुट्या भागांतून उभा राहणारा मॅक

अ‍ॅपल कंपनीची मॅकओएस ही कार्यप्रणाली, अ‍ॅपलने न बनवलेल्या आणि बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकावर चालवली, की त्या संगणकाला हॅकिंतोश असे म्हणतात. प्रोसेसर, रॅम, पडदा आणि साठवण यांच्यावर हुकमत ठेवून इतर सर्व प्रोग्रॅमना काम करण्याजोगी जमीन तयार करून देणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज ही प्रणाली कोणत्या कारखान्याचा मदरबोर्ड पुढे येईल हे ठाऊक नसल्याचे गृहीत धरूनच लिहिली जाते. मॅकओएसच्या लेखकांना मात्र आपली प्रणाली ज्या मोजक्या यंत्रांवर चालणार आहे त्यांतील प्रत्येक भाग आधीपासून माहीत असतो, आणि म्हणूनच अनोळखी भाग समोर आला की ती प्रणाली त्याच्याशी जुळवून घेण्याऐवजी थांबते. ती का थांबली हे शोधून काढणे आणि तिला पुढे नेणे, एवढ्यातच या कारागिरीचा बहुतेक सारा अर्थ सामावलेला आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात या यंत्राचा विचार करताना या भूमीचा यंत्रविषयक वारसा दृष्टिआड करता येत नाही. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकालगतची माळरानाची जागा दिल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तेथे कारखाना हलवला आणि परदेशी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे यांचा बारकाईने अभ्यास करून येथील माती आणि येथील बैल यांना पेलतील अशी अवजारे घडवली. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ती हीच. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला आणि परदेशी कंदिलांच्या स्पर्धेत त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याने नांगर आणि डिझेल इंजिने बनवली. परक्या यंत्राचे अंतरंग समजून घेऊन ते आपल्या परिस्थितीत उभे करणे ही विद्या कृष्णेच्या या खोऱ्यात जुनी आहे, आणि १९४७ मध्ये सांगलीच्या विश्रामबागेत सुरू झालेले, पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेलेले अभियांत्रिकी महाविद्यालय व १९६० पासूनचे कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी तिला शास्त्रीय शिक्षणाची जोड दिली. हॅकिंतोशची कारागिरी येथे जन्मली असे म्हणता येणार नाही, कारण ती जगभर विखुरलेल्या प्रोग्रॅमकारांनी मिळून घडवली. परंतु तिच्यामागची वृत्ती या जिल्ह्यांना परकी नाही.

गरजेची बाजूही स्पष्ट आहे. आयफोनसाठी अ‍ॅप तयार करण्याचे एक्सकोड हे साधन, चित्रफितींच्या संकलनाचे फायनल कट प्रो आणि ध्वनिमुद्रणाचे लॉजिक प्रो ही तिन्ही संगणकावर फक्त मॅकओएसमध्येच चालतात. मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावी तंबोऱ्याचा झंकार नीट मुद्रित करू पाहणारा, लग्नसमारंभांच्या चित्रफिती जोडणारा किंवा अ‍ॅप लिहायला शिकणारा विद्यार्थी, यांपैकी कोणालाही मॅकची गरज पडू शकते, आणि ताकदवान मॅकची किंमत तेवढ्याच ताकदीच्या असेंबल्ड पीसीच्या तुलनेत दीर्घकाळ कितीतरी अधिक राहिली.

हे सारे शक्य झाले ते अ‍ॅपलच्याच एका निर्णयामुळे. २००५ पर्यंत मॅकमध्ये पॉवरपीसी जातीचे प्रोसेसर असत आणि त्यांची यंत्रभाषा सर्वसाधारण पीसीपेक्षा वेगळी होती. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर नेण्याची घोषणा केली, आणि प्रणालीची प्रत्येक आवृत्ती गेली पाच वर्षे इंटेलसाठीही गुपचूप तयार होत होती हेही सांगितले. जानेवारी २००६ मध्ये इंटेलचे पहिले मॅक विक्रीस आले. या टप्प्यानंतर मॅक आणि पीसी यांचा प्रोसेसर एकाच कुळातला झाला, आणि दोहोंमधील भिंत पोलादाची न राहता माहितीची उरली.

ही भिंत कशाची बनलेली आहे ते पाहणे उद्बोधक आहे. इंटेलच्या काळातील खऱ्या मॅकमध्ये पंखे, तापमान आणि वीजपुरवठा यांवर देखरेख करणारा एसएमसी नावाचा नियंत्रक असतो, आणि त्याच्या पोटात एक मजकूर किल्ली म्हणून जपून ठेवलेला असतो. मॅकओएसमधील फाइंडर आणि डॉक यांसारखे काही प्रोग्रॅम सांकेतिक रूपात बंद असतात व ती किल्ली मिळाल्यावरच उलगडतात. पीसीमध्ये असा नियंत्रक नसतो, म्हणून हॅकिंतोशमध्ये व्हर्च्युअलएसएमसी नावाचा छोटा प्रोग्रॅम त्याची भूमिका वठवतो. अशा छोट्या प्रोग्रॅमना केक्स्ट म्हणतात. ते प्रणालीच्या गाभ्यात शिरून एखाद्या यंत्रभागाशी बोलण्याचे काम करतात. लिलू हा केक्स्ट इतरांना आधार देतो, व्हॉटएव्हरग्रीन पडद्याची बाजू सांभाळतो, अ‍ॅपलएएलसी ध्वनीची.

या सर्वांना योग्य क्षणी हजर करणारा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर, जो वीज सुरू होणे आणि प्रणाली जागी होणे यांच्या मधल्या काही सेकंदांत आपले काम उरकतो. आधी कॅमेलिअन, मग क्लोव्हर आणि २०१९ पासून ओपनकोअर असा त्याचा प्रवास आहे. सुरुवातीच्या वर्षांत मॅकओएसच्याच फायली फाडून, बदलून तयार केलेल्या प्रती वापरल्या जात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्या कोसळत. ओपनकोअरने या पद्धतीला मूठमाती दिली. त्याचे सारे सामान डिस्कच्या आरंभी असलेल्या ईएफआय नावाच्या लहानशा कप्प्यात राहते, बदल फक्त रॅममध्ये आणि फक्त चालू होण्याच्या वेळी केले जातात, आणि प्रणालीची मूळ फाइल डिस्कवर अस्पर्शित राहते. या क्षेत्रात शिस्त म्हणून जे काही आले ते येथूनच आले, आणि हे श्रेय ओपनकोअरच्या कर्त्यांना निःसंकोचपणे दिले पाहिजे.

यंत्र जुळवताना निम्मे यश भागांच्या निवडीत असते. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत एनव्हिडियाचा मार्ग २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून जवळजवळ बंद झाला, कारण त्या कंपनीच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर त्याआधीच्या हाय सिएरा आवृत्तीपाशीच थांबले. याउलट एएमडीची आरएक्स ५८० सारखी कार्डे अ‍ॅपलच्याच ड्रायव्हरवर सुरळीत चालतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेली चित्रयंत्रणा दहाव्या पिढीपर्यंतच उपयोगी पडते, त्यापुढच्या पिढ्यांत स्वतंत्र कार्ड लागते. एएमडीच्या रायझन जातीच्या प्रोसेसरवर प्रणालीच्या गाभ्यात अनेक ठिगळे लावावी लागतात. सॅमसंगच्या पीएम९८१ या एसएसडीसारखा वरकरणी उत्तम भागही प्रणाली कोसळवतो, आणि हे आधी ठाऊक नसले तर रॅमपासून मदरबोर्डपर्यंत प्रत्येकावर संशय घेण्यात वेळ जातो.

जुळणी झाल्यावर बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीत, सिक्युअर बूट आणि फास्ट बूट बंद करावे लागतात, साठवण एएचसीआय पद्धतीवर ठेवावी लागते आणि सीएफजी लॉक नावाचे कुलूप उघडावे लागते. त्यानंतर येतो तो सर्वांत सूक्ष्म भाग. प्रत्येक मदरबोर्ड आपल्यावर कोणते भाग आहेत त्याचे तक्ते प्रणालीला देतो. या तक्त्यांच्या व्यवस्थेला एसीपीआय म्हणतात. अलीकडच्या अनेक बोर्डांवर अवॅक नावाचे नवे घड्याळ असते, जे मॅकओएसला माहीत नाही, तर जुन्या पद्धतीचे आरटीसी घड्याळ बोर्डावर असूनही झाकून ठेवलेले असते. प्रणाली घड्याळ शोधते, तिला ते सापडत नाही, आणि ती निमूटपणे अडकून राहते. अशा वेळी काही ओळींचा एक पूरक तक्ता लिहून जुने घड्याळ उघडे करावे लागते. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ईसी नावाच्या नियंत्रकाचीही अशीच गरज निर्माण झाली, आणि तो नावापुरता का होईना, तक्त्यात दाखवावा लागतो.

दोष शोधण्याची रीत हे या कारागिरीचे खरे वैभव आहे. नेहमीच्या सुरुवातीला सफरचंदाचे चिन्ह आणि एक पट्टी दिसते. व्हर्बोज पद्धतीने सुरू केल्यास तेथे पांढऱ्या अक्षरांच्या शेकडो ओळी सरकू लागतात आणि दोष असेल तेथे थांबतात. नवखा माणूस शेवटच्या ओळीला दोषी धरतो. वस्तुतः ती ओळ बहुधा यशस्वीपणे पार पडलेल्या कामाची असते, आणि बिघाड त्यापुढच्या, अजून न छापल्या गेलेल्या पायरीवर असतो. म्हणून जाणकार त्या ओळीनंतर काय व्हायला हवे होते हे विचारतो, आणि त्यासाठी त्याला प्रणालीच्या जागे होण्याचा क्रमच शिकावा लागतो. मूळ डिस्कची वाट पाहत असल्याचा संदेश आला तर साठवणीवर संशय घेण्याआधी यूएसबीकडे पाहावे, कारण प्रणाली ज्या पेनड्राइव्हवरून चढवली जात आहे त्याचाच संपर्क तुटलेला असू शकतो. ओळी व्यवस्थित संपून पडदा काळा राहिला तर यंत्र चालू असून फक्त चित्र हरवलेले असते, आणि एएमडीच्या ‘नावी’ (Navi) जातीच्या कार्डांवर बूटलोडरला दिलेला एकच शब्द ते परत आणतो.

यूएसबीचे प्रकरण तर स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेचे आहे. २०१५ च्या एल कॅपिटान आवृत्तीपासून प्रत्येक नियंत्रकामागे १५ च द्वारे मानली जातात, आणि वेगवान निळे द्वार जुन्या व नव्या वेगासाठी दोनदा मोजले जाते, त्यामुळे साध्या मदरबोर्डवरही ही मर्यादा ओलांडली जाते. मग प्रत्येक द्वारात पेनड्राइव्ह घालून त्याचा क्रमांक टिपायचा, आवश्यक १५ निवडायची आणि त्यांचा नकाशा केक्स्टमध्ये लिहायचा. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ते टाळलेल्या यंत्रांत झोपेतून जाग न येण्याची तक्रार वारंवार आढळते. एका वेळी एकच बदल करावा आणि शेवटचा चालता ईएफआय कप्पा दुसऱ्या पेनड्राइव्हवर जपून ठेवावा, हे दोन नियम पाळणाऱ्याचे यंत्र सहसा वाया जात नाही.

कृष्णाकाठच्या परिस्थितीचे काही प्रश्न यात आपोआप मिसळतात. एप्रिल-मे महिन्यांतील सांगलीच्या उन्हात प्रोसेसरची वेग-व्यवस्था चुकीची राहिली, म्हणजे रिकाम्या वेळीही तो पूर्ण वेगाने धावत राहिला, तर कॅबिनेट तापते. यासाठी प्रणालीपुढे यंत्राने ज्या खऱ्या मॅकची ओळख धारण केली आहे त्याचा प्रोसेसर आपल्या प्रोसेसरच्या पिढीशी जुळणारा निवडावा लागतो. वीज गेल्यावर स्वस्त यूपीएस जी ओबडधोबड लहर पुरवतो ती अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसना, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठा पेट्यांना, मानवत नाही आणि यंत्र एकाएकी बंद पडते; अशा बंद पडण्याचे खापर प्रणालीवर फोडण्याआधी वीज तपासणे शहाणपणाचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि बाजारपेठ पाण्याखाली आली, तेव्हा दुरुस्तीयोग्य यंत्र म्हणजे काय हा प्रश्न अवघ्या शहरापुढे उभा होता. असेंबल्ड पीसीतली एसएसडी बाहेर काढून, सुकवून दुसऱ्या बोर्डावर लावून पाहता येते. अलीकडच्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डालाच जडवलेली आणि त्याच बोर्डावरील चिपशी सांकेतिक रीत्या बांधलेली असल्याने बोर्ड गेला की मजकूरही जातो.

कायद्याची बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. मॅकओएसच्या परवान्यानुसार ती अ‍ॅपलची मुद्रा असलेल्या संगणकावरच चालवता येते. अमेरिकेतील सायस्टार या कंपनीने २००८ मध्ये मॅकओएस चढवलेले पीसी उघडपणे विकायला काढले आणि २००९ मध्ये न्यायालयाने निकाल अ‍ॅपलच्या बाजूने दिला. नांगराची रचना अभ्यासून दुसरा नांगर घडवणारा आपले लोखंड आपण ओततो. हॅकिंतोशमध्ये कार्यप्रणाली जशीच्या तशी दुसऱ्याची असते. त्यामुळे शिकण्यासाठी स्वतःच्या मेजावर केलेला प्रयोगही परवान्याच्या चौकटीबाहेरचाच ठरतो, आणि ग्राहकाला न सांगता असे यंत्र मॅक म्हणून विकणे ही तर सरळ फसवणूक आहे.

या कारागिरीचा काळ आता मावळतो आहे. जून २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या चिपकडे वळण्याची घोषणा केली, ज्यात प्रोसेसर, चित्रयंत्रणा आणि रॅम एकत्र बांधलेली असते आणि जी चिप बाजारात सुटी मिळत नाही. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीने हॅकिंतोशकारांच्या आवडत्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढून घेतला. २०२५ ची टाहो ही इंटेलवर चालणारी अखेरची आवृत्ती असल्याचे कंपनीने जाहीर केले असून तीही इंटेलच्या चारच मॅकना मान्य करते. पुढच्या आवृत्त्यांमध्ये इंटेलच्या भाषेतील प्रणालीच नसेल, तेव्हा बूटलोडरने जागे करावे असे काहीच उरणार नाही.

मात्र या प्रयत्नांतून निर्माण झालेले ज्ञान खऱ्या मॅकच्याच कामी येऊ लागले आहे. ओपनकोअर लेगसी पॅचर हे त्याच बूटलोडरवर उभारलेले साधन, अ‍ॅपलने नव्या आवृत्त्यांसाठी नाकारलेल्या जुन्या इंटेल मॅकवर त्या आवृत्त्या चढवते, गेलेले ड्रायव्हर परत जोडते आणि २०१२ च्या सुमाराचे मॅकबुकही कामात ठेवते. येथे यंत्रावर अ‍ॅपलची मुद्रा असते, आणि जुन्या हॅकिंतोशकारांनी शिकलेले व्हर्बोज ओळींचे वाचन आणि केक्स्टची जुळणी त्यावर तशीच उपयोगी पडते.