गाव बिनविरोध झाले, मग हिशेब कोण विचारणार?



भिवंडी तालुक्यातील अंजूर येथे काही तरुणांशी बोलत बसलो होतो. ग्रामपंचायत निवडणुकीचा विषय निघाला तसा एक जण म्हणाला, "भांडणं नकोत, बिनविरोध झालेलं बरं. कामं तरी होतील." यात काय चुकते, हे आम्हाला तिथे नीट सांगता आले नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

स्थैर्य हवे की विरोध, हा प्रश्न देश नवा होता तेव्हाच पुढे आला होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितले की, लोकशाही सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे. पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, काश्मीरमध्ये लढाई चालू होती. स्थैर्याच्या नावाने तोंडे बंद करायला याहून चांगले निमित्त कोणते मिळाले असते? जबाबदारी म्हणजे पाच वर्षांनी एकदा मत मागणे नव्हे. प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांतून सरकारची रोज तपासणी व्हायला हवी.

22 डिसेंबर 1952 च्या पुण्यातील भाषणात त्यांनी विरोधी पक्षाचे अस्तित्व ही लोकशाही यशस्वी होण्याची एक अट सांगितली. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हेही त्यांनी दाखवून दिले. आपल्या संसदेत तशी तरतूद 1977 च्या कायद्याने झाली. विरोधक हा घरभेदी नाही, तो कारभाराचाच भाग आहे. (भिक्खू संघातही ठराव मांडून मतदान घेण्याचे नियम होते, याची आठवण बाबासाहेबांनी संविधान सभेत करून दिली होती. एकोपा म्हणजे मौन, असे आपल्या परंपरेतही नाही.)

आता गावाकडे येऊ. 2021 च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे सरपंचपदासाठी दोन कोटींच्या वर बोली लागली. राज्य निवडणूक आयोगाने तिथली आणि नंदुरबारमधील खोंडामळीची निवडणूक रद्द केली. प्रत्येक बिनविरोध गावात लिलाव होतो, असे आमचे म्हणणे नाही. कधी खरेच कोणाला उभे राहायचे नसते. पण अर्ज मागे घ्यायला कोणाला लावतात, ते पाहा. राखीव जागेवर कोण उभे राहणार, हे आपला वाडा ठरवतो की गावकी?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. गोदामांच्या या पट्ट्यात ती रक्कम लहान नसावी. सगळे सदस्य एकाच बैठकीत ठरलेले असतील, तर तिचा हिशेब सभेत कोण मागणार?

बिनविरोध झालेल्या गावातही ग्रामसभा असतेच. तिथे हा प्रश्न लेखी द्यावा आणि इतिवृत्तात नोंद झाली की नाही, ते वाचून पाहावे. अंजूरच्या त्या मित्राला आम्ही एवढेच कळवले आहे.