तळ्याची नाडीपरीक्षा

हैदराबादेतील नल्लकुंटा ही आज दाट वस्ती आहे. पण तिच्या नावातच पाणी आहे. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंट’ म्हणजे लहान तळे. हुसेनसागराच्या सांडव्याचे पाणी ज्या नाल्याने मुसी नदीकडे जाते, तो याच भागातून वाहतो. २००० सालच्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. म्हणून हुसेनसागराची चिंता केवळ त्याच्या काठी फिरावयास जाणाऱ्यांनी करावी असे नाही. खाली राहणाऱ्यांच्या घरादाराचा तो प्रश्न आहे.

तळे बिघडले की गाळ काढावा, जलपर्णी उपसावी, असे उपाय तत्काळ सुचतात. परंतु नाडी न पाहता दिलेल्या औषधासारखीच त्यांची गत होते. सोळाव्या शतकात, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत बांधलेल्या या तलावाला कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बल्कापूर हे नाले मिळतात. तळ्यात जे दिसते, त्याचे मूळ या नाल्यांच्या उगमापर्यंत शोधावे लागते. यास्तव पाहणीच्या योजनेत प्रथम पाणलोट क्षेत्राची सीमा आखावी. शहरातील रस्ते व गटारे पाण्याची मूळ वाट बदलतात. तेव्हा नकाशा हाती घेऊन पायी हिंडणे अपरिहार्य ठरते.

नंतर पाण्याचा जमाखर्च मांडावा. पाऊस, नाले व सांडपाणी ही जमा. बाष्पीभवन, पाझर व सांडवा हा खर्च. प्रत्येक नाल्याच्या मुखाशी प्रवाह मोजल्यावाचून केवळ बाटलीभर पाणी तपासून भागत नाही. कारण थोडी घाण असलेला मोठा नाला पुष्कळ घाण असलेल्या लहान ओहोळापेक्षा अधिक भार आणू शकतो. वेळही महत्त्वाची. शेवाळाने भरलेल्या तळ्यात प्राणवायू दुपारी विपुल असतो आणि पहाटे मासे मरण्याइतका घटतो. त्यामुळे निदान एक वर्षभर, निरनिराळ्या प्रहरी नमुने घ्यावेत आणि रस्ते धुऊन आणणारा पहिला पाऊस मुळीच चुकवू नये. तळाचा गाळही तपासावा. नाले स्वच्छ झाल्यावरही त्यात साचलेला फॉस्फरस पाण्यात उतरत राहतो.

ही दृष्टी हैदराबादेला नवी नाही. १९०८ साली मुसीच्या महापुराने शहराची दैना केली. पुण्याजवळील खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले विश्वेश्वरय्या यांना त्यानंतर पाचारण करण्यात आले. त्यांनी केवळ शहरातील नदी पाहिली नाही. वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि फुटलेले तलाव यांचाही हिशेब केला. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० साली व हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला.

अखेर, कोणता निर्णय घ्यावयाचा आहे हे ठरवूनच मोजणी आरंभावी. कोणता नाला आधी सुधारावा? सांडव्यातून पाणी केव्हा व किती सोडावे? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांतून मिळाली, तरच नल्लकुंट्यातील गृहस्थाला पाणी दारी येण्यापूर्वी सूचना मिळेल. एरवी ते आकडे कपाटातच राहतील.